बिनतारी आवाजाचा प्रवास

मुलांनो, समजा तुम्ही डोंबिवलीत राहता. पावसाळ्याची रात्र आहे आणि वीज गेली आहे. तरीही सेलवर चालणाऱ्या ट्रान्झिस्टरमधून मुंबईच्या निवेदकाचा आवाज ऐकू येतो. रेल्वेने मुंबई सुमारे ४८ किलोमीटर दूर. मध्ये तार नाही. मग हा आवाज येतो कसा?

निवेदक मायक्रोफोनसमोर बोलतो. मायक्रोफोन त्याच्या आवाजाचे विजेच्या लहरींत रूपांतर करतो. या लहरी एकट्या दूर जाऊ शकत नाहीत. डोंबिवलीचा प्रवासी जसा लोकलमध्ये बसून मुंबई गाठतो, तसा आवाजही एका वेगवान रेडिओ लहरीवर स्वार होतो. या लहरीला ‘वाहक लहर’ म्हणतात. उंच मनोऱ्यावरून ती चहूकडे पसरते.

रेडिओ लहरी सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातात. म्हणून मुंबईचा शब्द डोंबिवलीला डोळ्याचे पाते लवण्याआधीच पोहोचतो. नुसत्या आवाजाला तेवढे अंतर कापायला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागला असता!

तुमच्या रेडिओच्या एरियलवर एकाच वेळी अनेक केंद्रांच्या लहरी येतात. मात्र प्रत्येक केंद्राच्या लहरीची कंपनसंख्या वेगळी असते. १०० मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला १० कोटी कंपने. तुम्ही बटण फिरवता, तेव्हा रेडिओ हव्या त्या कंपनसंख्येची लहर निवडतो, तिच्यावरून आवाज उतरवून घेतो व मोठा करून ऐकवतो.

जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कोलकात्यात अशा लहरींचा प्रयोग लोकांना दाखवला. पुढे २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत नभोवाणी केंद्र सुरू झाले.

रेडिओ फक्त ऐकतो. मोबाइल ऐकतो आणि बोलतोही. परंतु त्याला जवळचा मनोरा लागतो आणि मनोऱ्याला वीज लागते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कल्याण-डोंबिवली परिसरातही पूर आला. अनेक ठिकाणी वीज गेली, फोन लागेनात. घरची माणसे कोठे अडकली, हे कळेना. अशा वेळी साधा ट्रान्झिस्टरही मोठा आधार ठरतो. केंद्र चालू असेल, तर त्याला दोन सेल पुरतात.

म्हणून पावसाळ्यापूर्वी घरातला जुना ट्रान्झिस्टर चालतो का, ते पाहा आणि नवे सेल आणून ठेवा.