अलिबागचे सुतार, मुंबईचा स्टुडिओ

‘स्टुडिओ मुंबई’ हा वास्तुरचनाकार बिजॉय जैन यांचा स्टुडिओ. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात शिक्षण आणि रिचर्ड मायर यांच्याकडे उमेदवारी करून जैन १९९५ मध्ये भारतात परतले. अलिबाग परिसरात त्यांनी उभे केले ते नेहमीचे कार्यालय नव्हते. तिथे वास्तुरचनाकारांच्या जोडीला सुतार आणि गवंडी कामाला असत. नकाशा पुरा होण्याआधीच लाकडी सांधा, खिडकी किंवा भिंतीचा तुकडा प्रत्यक्ष आकारात करून बघायचा, न जमल्यास मोडायचा, अशी तिथली रीत.

नांदगावचे ‘पाल्मायरा हाउस’ (२००७) हे तिचे फळ. नारळीच्या बागेत समोरासमोर दोन लाकडी इमारती, मध्ये पोहण्याचा तलाव. बाहेरच्या झडपा ताडाच्या लाकडाच्या. त्यांतून वारा खेळतो, ऊन मात्र गाळून आत येते. पाणी जागेवरच्या विहिरींचे. कोकणच्या दमट हवेवर याहून शहाणा उपाय क्वचितच सापडेल. अर्थात इतके हातकाम सामान्य घरबांधणीला परवडणारे नाही, हेही खरेच.

फर्निचरलाही हाच न्याय. इमारतीसाठी घोटलेले सांधे खुर्च्या-बाकांत उतरतात. ब्रुसेल्सच्या ‘मनिएरा’ गॅलरीसाठी स्टुडिओने फर्निचर घडवले. मेलबर्नचा २०१६ चा ‘एमपॅव्हिलियन’ हा मंडपही स्टुडिओच्या रचनेनुसार बांबू आणि दोरीने बांधला गेला. २०२० चे अल्वार आल्टो पदकही जैन यांनाच मिळाले.