चष्मा आणायला फुलंब्रीला

व्हीईपी, म्हणजे नजरेचा रस्ता मेंदूपर्यंत मोकळा आहे का ते बघणारी तपासणी, ठरली की आदल्या दिवशी मी पेशंटला फोनवर सांगते: केस शाम्पूने धुऊन या, तेल लावू नका, चष्मा विसरू नका. फुलंब्री, सिल्लोडकडची मंडळी तेलाचं पथ्य कसोशीने पाळतात. चष्मा मात्र घरी राहतो.

पाहण्याचं काम करणारा मेंदूचा भाग डोक्याच्या पार मागे असतो. नाकाच्या मुळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत टेप लावायची, त्या अंतराचा दहावा भाग उंचवट्याच्या वर मोजून खूण करायची आणि तिथली कातडी घासून पेस्टने इलेक्ट्रोड बसवायचा. समोर मीटरभरावर स्क्रीन, तिच्यावर काळे-पांढरे चौकोन. सेकंदाला दोनदा काळ्याचे पांढरे, पांढऱ्याचे काळे होतात. दर बदलाला मेंदूतून विजेची जी लहर उठते ती जेमतेम ५ ते १० मायक्रोव्होल्टची. मेंदूच्या एरवीच्या विद्युत हालचालीत ती दिसतच नाही. म्हणून शंभर वेळा नोंद घेऊन सरासरी काढायची. मग १०० मिलिसेकंदांच्या आसपास एक लाट स्पष्ट होते. आम्ही तिला पी-१०० म्हणतो. डोळ्याची नस सुजली की ती उशिरा येते. लंडनच्या हॅलिडे आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये दाखवलं की नजर सुधारल्यावरही हा उशीर टिकून राहू शकतो.

फुलंब्रीजवळच्या एका आजोबांची टीबीची औषधं चालू होती. त्यात इथॅम्ब्युटॉल. या गोळीने काहींच्या डोळ्यांच्या नसेला इजा होते. लाल-हिरवा ओळखताना गफलत व्हायला लागते. वेळीच बंद केली तर पुष्कळांची नजर सुधारते. आजोबांना धूसर दिसत होतं, म्हणून डॉक्टरांनी पाठवलं.

"बाबा, चष्मा?"

"घरीच ऱ्हायला. टीव्हीच तर बघायचाय न!"

चष्म्याविना लाट बसकी आली, उशिराही. दोन्ही डोळ्यांची तीच गत. कागदावर ते हुबेहूब गोळीचं नुकसान दिसत होतं. पण चौकोनांच्या कडा पुसट दिसल्या तरी लाट अशीच बिघडते. तो कागद तसाच गेला असता तर टीबीचं एक औषध विनाकारण बंद झालं असतं. नातवाला मोटारसायकलवर फुलंब्रीला पिटाळलं. तोवर आजोबा बाकावर आडवे झाले. चष्मा आला, आणि लाट दोन्ही डोळ्यांत वेळेवर आली. धूसरपणाचं कारण मोतीबिंदू निघालं.

म्हणून मी ग्राफपेक्षा माणसाच्या डोळ्यांकडे जास्त बघते. स्क्रीनच्या मधल्या लाल ठिपक्यावरून नजर ढळली, डुलकी लागली, मान ताठ झाली, की नोंद थांबवते. "जबडा सैल सोडा, मावशी," हे दिवसातून कितीदा म्हणते! दातावर दात दाबले की स्नायूंची वीज सगळ्या नोंदीवर पसरते.

एका शाळकरी मुलाला उजव्या डोळ्याने काहीच दिसत नाही म्हणून वडील घेऊन आले होते. डावा डोळा पट्टीने झाकला. मुलगा निमूट ठिपक्याकडे बघत राहिला आणि लाट अगदी सुरेख आली. वडिलांनी डोळे वटारले. "खोटं बोलत व्हता का रे?" मी मध्ये पडले. नजरेचा रस्ता मेंदूपर्यंत मोकळा आहे, एवढंच ही तपासणी सांगते. पोराच्या मनात काय चाललंय ते नाही. तसं डॉक्टरांना फोन करून सांगितलं, आणि मुलाशी आधी एकट्याशी बोला, अशी विनंती केली.