चक फिरण्याआधी
(वर्कशॉपची ओळख : भाग 5)

मागच्या भागात लेथची ओळख झाली : हेडस्टॉक, टेलस्टॉक, कॅरेज, टूलपोस्ट. आज यंत्र सुरू करायचं, पण त्याआधी मनगटं बघा. श्रावण सरला तरी पहिल्या वर्षाच्या कितीतरी मुलांच्या हातात राखीचा दोरा असतो. शिवाय कडं, अंगठी, गळ्यात आयकार्डची रिबन. हे सगळं उतरवून ठेवायचं. राखी तासभर खिशात राहिली तर बहीण रागावणार नाही.

‘अडकलंच काही तर पटकन हात मागे घेऊ’ असं बहुतेकांना वाटतं. त्याचा एकदा हिशेब करूनच बघा. जॉबचा, म्हणजे लेथवर फिरणाऱ्या धातूच्या तुकड्याचा, व्यास 50 मिलीमीटर, वेग मिनिटाला 600 फेरे. म्हणजे सेकंदाला 10. एका फेऱ्यात जॉबवर 157 मिलीमीटर दोरा गुंडाळला जातो, सेकंदात दीड मीटरहून जास्त. धोका लक्षात येऊन हात हलायला पाव सेकंद तरी जातो. तेवढ्यात जवळजवळ 40 सेंटीमीटर बाही आत ओढली गेलेली असते. मनगटापासून कोपराच्या पुढपर्यंतचं अंतर झालं हे!

म्हणून लेथ चालू असताना हातमोजे नकोत. आईवडील काळजीपोटी घेऊन देतात, पण मोजा अडकला की तो हातासकट आत जातो. बाह्या कोपराच्या वर दुमडा. ओढणी काढून ठेवा, केस घट्ट बांधून टोपीखाली घ्या. एप्रिल 2011 मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या वर्कशॉपमध्ये रात्री एकटीच काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीचे केस लेथमध्ये अडकले आणि तिचा जीव गेला. यंत्र बंद करायला शेजारी कुणी नव्हतं. एकट्याने लेथ चालवू नका, हे मी हात जोडून सांगतो.

आता चकची, म्हणजे जॉब पकडणाऱ्या जबड्यांची, चावी. जॉब आवळून झाला, कुणी हाक मारली, मान वळली आणि चावी चकमध्येच राहिली. मग स्विच दाबताच ती गोफणगुंड्यासारखी सुटते. यावर सवय एकच : चावी चकमध्ये आहे तोवर हात चावीवरच. हात काढायचा तो चावीसकट.

माइल्ड स्टील कापताना लांब, निळसर झाक असलेला कीस निघतो. दिसायला सुंदर, पण कडा ब्लेडसारखी आणि चटका बसेल इतकी गरम. त्याला बोट लावायचं नाही. आधी लेथ थांबवा, मग हुकाने ओढा, ब्रशने झाडा. पॉलिश पेपरही बोटांभोवती किंवा जॉबभोवती कधी गुंडाळू नका.

आता गॉगल लावा. मेन स्विच बंद ठेवून गिअर न्यूट्रलला घ्या आणि चक हाताने एक पूर्ण फेरा फिरवा. जबडे टूलपोस्टला किंवा कॅरेजला कुठे घासतात का, कान देऊन ऐका. घासत नसतील तर चकच्या समोरून बाजूला सरका, आणि मग स्विच.