लिहिले ते राखले पाहिजे



तुम्ही आता लिहू-वाचू लागला आहात. आज वहीत लिहिता. उद्या यंत्रावरही लिहाल. ग्रामपंचायतीत, शाळेत, दूध सोसायटीत आता संगणक आले आहेत. कुणी त्याला कॉम्प्युटर म्हणतात. ग्रामसभेचा ठराव, बचत गटाचा अहवाल, बँकेचा अर्ज त्यावर लिहितात. अक्षर सुबक येते. खाडाखोड दिसत नाही.

पण या यंत्राची एक खोड आहे. ती ठाऊक नसली तर मेहनत पाण्यात जाते.

समजा, बचत गटाच्या सचिव ताई कर्जाचा अर्ज लिहायला बसल्या. वीस बायांची नावे, प्रत्येकीची बचत, शेळ्यांचा खर्च, सारे टाइप केले. दोन तास गेले. शेवटची ओळ राहिली आणि लाईट गेली. लाईट आली तेव्हा पडदा कोरा! बँकेत अर्ज देण्याचा तो शेवटचा दिवस होता. आता काय करायचे?

असे का होते? ते आधी समजून घेऊ.

पाटी आणि वही

पाटीवर लिहिलेले किती वेळ टिकते? ओला हात फिरला की गेले. वहीतले मात्र वर्षानुवर्षे टिकते. संगणकाच्या पोटात पाटीही आहे आणि वहीही आहे.

आपण टाइप करतो ते आधी पाटीवर उमटते. या पाटीला रॅम म्हणतात. ती विजेवर जगते. वीज गेली की ती आपोआप कोरी होते. वहीला डिस्क म्हणतात. तिच्यात उतरवलेले वीज गेली तरी राहते.

पाटीवरचे वहीत उतरवायला यंत्राला हुकूम द्यावा लागतो. त्या हुकमाला 'सेव्ह' म्हणतात. सेव्ह करणे म्हणजे राखून ठेवणे.

पडद्यावर अक्षरे दिसली म्हणजे ती राखली गेली असे समजू नका. खळ्यावर धान्याची रास दिसते, म्हणून ते घरात आले का? अवकाळी पाऊस आला तर? कणगीत पडेल तेव्हाच ते आपले.

सेव्ह कसे करावे?

संगणकाच्या बटणांमध्ये खालच्या रांगेत 'कंट्रोल' नावाचे बटण असते. त्यावर इंग्रजीत सी, टी, आर, एल ही अक्षरे असतात. ते दाबून धरा आणि 'एस' अक्षराचे बटण दाबा. झाले सेव्ह! पहिल्या वेळी यंत्र दोन गोष्टी विचारते. नाव काय ठेवू? आणि कुठे ठेवू?

हे काम कागद कोरा असतानाच करा. बाळाचे बारसे बाराव्या दिवशी करतात. फायलीचे बारसे पहिल्याच मिनिटाला करावे.

नाव ओळखू येईल असे द्या. नावात तारीख घालायची तर १२-५ अशी आडव्या रेघेने लिहा. १२/५ अशी तिरकी रेघ घालू नका. विंडोजवर चालणाऱ्या संगणकात फायलीच्या नावात ती चालत नाही. फाइल कुठे ठेवली तेही वहीत टिपून ठेवा.

पुढे प्रत्येक परिच्छेद संपला की पुन्हा कंट्रोल आणि एस. जागेवरून उठण्याआधी पुन्हा तेच. एवढी सवय लागली की निम्मी काळजी मिटली.

कुणी म्हणेल, "गुरुजी, यंत्र आपोआपच राखतं की!" काही अंशी ते खरे आहे. वर्ड नावाच्या साधनात दर १० मिनिटांनी एक राखीव प्रत काढण्याची सोय असते. पण त्या १० मिनिटांत लिहिलेले जाऊ शकतेच ना? गूगल डॉक्समध्ये लिखाण आपोआप दूरच्या यंत्रावर राखले जाते. पण त्यालाही इंटरनेट चालू लागते. म्हणून आपल्या हाताची सवय सोडू नये.

फाइल बंद करताना यंत्र विचारते, सेव्ह करू की नको? तिथे घाईने 'डोन्ट सेव्ह' दाबू नका. त्याचा अर्थ 'राखू नकोस' असा आहे.

यंत्र सेव्ह करीना तर?

कधी कधी हुकूम देऊनही यंत्र नकार देते. अशा वेळी घाबरू नका. फाइल बंद करू नका. यंत्रही बंद करू नका. पाटीवर लिखाण अजून शाबूत आहे.

यंत्र काय सांगते ते वाचा, नाही तर जाणत्याकडून वाचून घ्या. कारण बहुधा साधे असते. पेन ड्राइव्ह कुणी उपसून काढला असेल. डिस्क भरली असेल. नावात न चालणारी खूण असेल. किंवा ती फाइल नुसती वाचण्यापुरती उघडलेली असेल.

मग हे उपाय एकामागून एक करा. 'सेव्ह ॲज' निवडा. दुसरे नाव द्या, दुसरी जागा द्या. तरी जमले नाही तर कंट्रोल आणि ए दाबा, मग कंट्रोल आणि सी. सगळ्या मजकुराची नक्कल होते. नवा कागद उघडून त्यावर कंट्रोल आणि व्ही दाबा. मजकूर तिथे उतरेल. तो सेव्ह करा. तेही होईना तर कागदावर छापून घ्या. छापण्याचे यंत्र नसेल तर मोबाइलने पडद्याचे फोटो काढा. टाइप पुन्हा करावे लागेल, पण आकडे आणि शब्द तरी हाती राहतील.

एक प्रत दुसरीकडे

मोठमोठ्या कचेऱ्यांनाही हा फटका बसतो. १९९८ साली अमेरिकेत पिक्सार कंपनीत 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाचे काम चालू होते. एका चुकीच्या हुकमाने त्याच्या पुष्कळ फायली पुसल्या गेल्या. राखीव प्रती पाहिल्या, तर त्याही धड निघाल्या नाहीत. पण गॅलिन सुसमन या बाई घरी तान्हे बाळ असल्यामुळे घरून काम करत. त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. तिने काम वाचवले. चित्रपट १९९९ साली लोकांपुढे आला.

आपणही महत्त्वाच्या कागदाची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवावी, किंवा स्वतःलाच ई-मेलने पाठवावी. ती प्रत अधूनमधून उघडून पाहावी. पेन ड्राइव्ह काढण्याआधी यंत्राला तशी सूचना द्यावी. टेबलावरच्या संगणकाला यूपीएस जोडावा. लाईट गेल्यावर तो काही मिनिटे वीज पुरवतो. तेवढ्यात सेव्ह करता येते.

ध्यानात ठेवा

१. आधी नाव, मग लिखाण.
२. प्रत्येक परिच्छेदाला सेव्ह.
३. यंत्राने नकार दिला तर काहीही बंद करू नका.
४. एक प्रत दुसरीकडे ठेवा.

सांगा पाहू

१. लाईट गेल्यावर रॅममधले लिखाण का जाते?
२. सचिव ताईंनी काय केले असते तर अर्ज वाचला असता?