राजा आणि सभा : नळदुर्गचं पत्र

या लेखमालेत पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद आज व्हायचा होता. त्याला आठवडाभराचं जीवदान मिळालंय ते नळदुर्गच्या एका वाचकामुळे. ते विचारतात, "इंग्लंडच्या राजाला वेसण घालायला पार्लमेंट होतं. आमच्या निजामाला कुणीच कसं अडवलं नाही?" प्रश्न नेमका आहे, आणि त्याचं निम्मं उत्तर नळदुर्गातच सापडतं.

चार्ल्सनं अकरा वर्षं पार्लमेंटला फाटा दिला. पण स्कॉटलंडची लढाई अंगावर आली, तिजोरीत खडखडाट होता, आणि १६४० मध्ये नाक मुठीत धरून त्याला सभा बोलवावी लागली. राजाला पैसा लागतो आणि तो मागायला सभेशिवाय दुसरं दार नाही, यातच पार्लमेंटचं खरं बळ होतं.

आता १८५३ चं हैदराबाद बघा. ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यांखालच्या कंटिंजंट फौजेचा पगार निजाम नासिरुद्दौलाकडून वर्षानुवर्षं थकत होता. कंपनी तो भागवायची आणि निजामाच्या नावे कर्ज मांडायची. तिजोरी इथेही रिकामीच होती, पण निजामाला प्रजेपुढे हात पसरावा लागला नाही. मे महिन्यात तह झाला आणि कर्ज-पगाराच्या पोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि आपला नळदुर्गचा मुलूख कंपनीच्या ताब्यात गेला. ठगाच्या जबानीवरची कादंबरी लिहिणारा मेडोज टेलर इथे कारभारी होऊन आला. त्यानं जमिनीची मोजणी आणि रस्त्यांची कामं हाती घेतली. १८५७ मध्ये हैदराबाद दरबार इंग्रजांच्या बाजूनं राहिला, म्हणून १८६० मध्ये नळदुर्ग परत मिळालं आणि वर ५० लाखांचं कर्ज माफ झालं. सात वर्षांत दोनदा धनी बदलला. नळदुर्गकरांना एकदाही कुणी विचारलं नाही. मुलूख गहाण टाकून भागत असेल, तर राजा सभा कशाला बोलावील?

दुसरी गोष्ट सर्फ-ए-खासची. निजामाच्या राज्यात जमिनीचे तीन मोठे वाटे होते : सरकारी तिजोरीचा दिवाणी मुलूख, जहागिरी आणि सर्फ-ए-खास. हा तिसरा वाटा निजामाचा खासगी. त्याचा सारा थेट त्याच्या घरखर्चाला जाई. उस्मानाबाद जिल्ह्यातला मोठा भाग याच खात्यात होता. इंग्लंडात तिसऱ्या जॉर्जनं १७६० मध्येच शाही जमिनींचं उत्पन्न पार्लमेंटच्या हवाली केलं आणि बदल्यात वर्षाला आठ लाख पौंडांची नेमणूक घेतली. हैदराबादेत ही वेळ यायला १९४९ साल उजाडलं.

मधल्या काळात सभेचं नाटक झालं. १९३९ मध्ये सुधारणा जाहीर झाल्या. त्यात प्रतिनिधित्व व्यवसायवार आणि मंत्री उत्तरदायी निजामालाच. १९४६ च्या निवडणुकीवर स्टेट काँग्रेसनं बहिष्कार घातला, आणि योग्यच केलं. जबाबदार राज्यपद्धतीची मागणी करत स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांचे सहकारी तुरुंगाच्या वाऱ्या करत राहिले.

अखेर १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरहून निघाली, ती पहिली भिडली नळदुर्गलाच. सातव्या ब्रिगेडनं इतक्या चपळाईनं धडक मारली की बोरी नदीचा पूल शाबूत हाती आला. मग शीख पलटणीनं नळदुर्गच्या मोर्च्यांवर हल्ला चढवला. पाचव्या दिवशी निजामानं शरणागती पत्करली. फेब्रुवारी १९४९ मध्ये सर्फ-ए-खास दिवाणीत विलीन झालं आणि निजाम तनखेदार झाला. लोकांनी निवडलेली विधानसभा आली ती १९५२ मध्ये. इंग्लंडात सभेनं राजाची थैली ताब्यात घेतली. आपल्याकडे थैली आधी सुटली आणि सभा मागून आली.

मात्र तनख्यांचा निकाल संसदेनंच लावला. १९७० मध्ये राज्यसभेत संस्थानिकांचे तनखे बंद करायचं विधेयक बाजूनं १४९, विरुद्ध ७५ अशा मतांनी, म्हणजे दोन तृतीयांशाला एका मताहूनही कमी पडून, कोसळलं. पुढच्याच वर्षी सव्विसाव्या घटनादुरुस्तीनं तनखे बंद झाले.

आता कुणीतरी औंध संस्थानाचं नाव काढणारच. तिथे ना कर्जाचा तगादा होता, ना फौजेचा धाक. तरीही भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्ये आपण होऊन सत्ता प्रजेच्या हाती दिली. माझ्या वरच्या सगळ्या मांडणीला छेद देणारं हे उदाहरण आहे, म्हणून ते दोन ओळींत उरकणार नाही. त्याला पुढे एक अख्खा भाग देईन.