तेल महागलं, तरी सोयाबीन पडेल का?

सोयाबीन निघालं की लातूरच्या आडत बाजारात एकच वाद रंगतो: खाद्यतेल चढलंय, मग आपल्या मालाला उठाव का नाही? उत्तर प्रक्रिया उद्योगाच्या हिशेबात आहे. क्विंटलभर सोयाबीन गाळलं तर तेल निघतं जेमतेम 18 किलो. उरते ती सुमारे 80 किलो पेंड. सोयाबीन हे नावाला तेलबिया पीक, वजनाने मात्र पेंडीचं. तेल किलोमागे कितीही महाग असलं, तरी पेंड पडली की गाळप करणारा दाण्याला जास्त मोजत नाही. ही पेंड मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात जाते. तिचा जागतिक भाव ब्राझील, अर्जेंटिना नि अमेरिकेच्या मालावर ठरतो. शिवाय मका-तांदळापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा प्रथिनयुक्त चोथा, डीडीजीएस, देशातच स्वस्तात मिळतो आणि खाद्यात पेंडीची जागा घेतो. म्हणजे इथेनॉल धोरण मकावाल्याला हात देतं आणि सोयाबीनवाल्याच्या खिशात हात घालतं!

मग आयात शुल्क वाढवलं तर? सप्टेंबर 2024मध्ये कच्च्या सोयातेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून 20 टक्के झालं. तेल महागलं, पण त्या हंगामात खुल्या बाजारात सोयाबीन बहुतांशी 4,892 रुपयांच्या हमीभावाखालीच विकलं गेलं. व्यापारी संगनमत करतात, हा आक्षेप एखाद्या बाजारापुरता खरा असेलही. पण इंदूरपासून लातूरपर्यंत भाव एकदम नरमतात, ते त्याने उलगडत नाही. तेव्हा माल ठेवायचा की विकायचा, हे ठरवताना तेलाच्या डब्याआधी पेंडीचा भाव विचारा.