उंचावरच्या घरातली इपॉक्सी: लेपाआधी कोबा पाहा

अराल्डाइटच्या दोन ट्यूब आठवून पाहा. एकीत रेझिन, दुसरीत हार्डनर. दोन्ही सारख्या मापाने पिळून काडीने घोटायचे, कपाचा तुटलेला कान चिकटवायचा आणि सकाळपर्यंत हात लावायचा नाही. सिबा या स्विस कंपनीने १९४६ मध्ये बाजारात आणलेले हे चिकटद्रव्य म्हणजे इपॉक्सीच. तीच इपॉक्सी बादल्यांनी कालवून जमिनीवर पसरली की इस्पितळात किंवा कारखान्यात दिसते तशी सलग, बिनसांध्याची, चकचकीत जमीन तयार होते. मनाली, औली, लेह अशा उंचीवर घर, होमस्टे किंवा गॅरेज बांधणाऱ्यालाही हा पर्याय सुचवला जातो. सुचवणाऱ्याचे म्हणणे साधारण असे असते की इपॉक्सी दगडासारखी कडक, त्यात क्वार्ट्झ टाकले की बर्फ पडो, गाडी चढो, काही होत नाही. यात थोडे खरे आहे, पण ज्यावर खरोखर भर द्यायला हवा ती गोष्ट यात नाही. थंड, उंच जागी असे लेप झिजून वाया जातात ते क्वचितच. ते सुटतात, त्यांना भेगा जातात, ते पिवळे पडतात. म्हणजे बिघाडाचे मूळ बहुतेकदा लेपाच्या ताकदीत नसते. तो कसल्या कोब्यावर, किती तापमानाला आणि किती उन्हात बसवला यात असते.

आधी कडकपणाचे बघू. घट्ट झालेली इपॉक्सी हे शेवटी एक प्लास्टिक आहे आणि रेतीने त्यावर ओरखडे उठतात. क्वार्ट्झ म्हणजे आपली गारगोटी. खनिजांचा कठीणपणा मोजणाऱ्या मोह्सच्या १० अंशांच्या पट्टीवर तिचा क्रमांक ७, म्हणजे साध्या पोलादाच्याही वर. लेहच्या उत्तरेचा डोंगर ग्रॅनाइटचा आहे आणि ग्रॅनाइटच्या भुग्यात हीच गारगोटी असते. बुटाच्या तळव्याला चिकटून ती घरात येते आणि गुळगुळीत इपॉक्सीवर पॉलिश पेपरसारखी फिरते. जमिनीतच गारगोटीचे दाणे बसलेले असले, तर बरोबरीला बरोबरी होते. पण माझ्या मते गारगोटीचा याहून मोठा उपयोग वेगळाच आहे आणि त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. तापमान बदलले की काँक्रीट जितके प्रसरण-आकुंचन पावते, त्याच्या सुमारे पाचपट नुसती इपॉक्सी पावते. हिवाळ्यात बंद ठेवलेल्या गॅरेजची जमीन उणे १५ अंशांवर गेली आणि उन्हाळ्यात २५ वर आली, तर ५ मीटर लांबीत काँक्रीट सुमारे २ मिलिमीटर सरकते. तेवढ्याच लांबीची इपॉक्सी मोकळी असती तर १० मिलिमीटर सरकली असती. ती मोकळी नसते, खाली चिकटलेली असते, म्हणून हा सगळा ताण चिकटलेल्या पृष्ठभागावर येतो. वाळू भरपूर मिसळली की ही तफावत बरीच कमी होते. रेझिन पसरायचे, ते ओले असतानाच त्यावर जमीन कोरडी दिसेपर्यंत दाणे पेरायचे, दुसऱ्या दिवशी सुटे दाणे झाडून पुन्हा तेच करायचे आणि शेवटी वरून पारदर्शक थर द्यायचा, अशी ही ३ मिलिमीटरच्या आसपास जाडीची ‘क्वार्ट्झ इपॉक्सी’ असते. रोलरने मारलेल्या दोन हातांना, ज्यांची जाडी मिलिमीटरचा चौथा हिस्साही जेमतेम भरते, हेच नाव देऊन विकले जाते. ती शोभेची दाणेदार इपॉक्सी आहे. थंडीचा ताण ती घेऊ शकत नाही.

आता कोबा. लेप जितका मजबूत तितका खालचा कोबा कच्चा असला तरी चालतो, हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. घडते उलटे. लेप कडक आणि कोब्याचा वरचा पापुद्रा भुसभुशीत असेल, तर आकसताना लेप तो पापुद्रा उपटून घेतो. उंचीवर हा पापुद्रा भुसभुशीत असण्याचीच शक्यता जास्त, कारण कोरडी हवा, वारा आणि प्रखर ऊन ओतलेल्या काँक्रीटमधले पाणी झपाट्याने ओढून घेतात. शिवाय पहिल्या काही दिवसांत रात्री ते गोठले तर आतले पाणी बर्फ होताना सुमारे ९ टक्के फुगते आणि सिमेंटची पकड धरण्याआधीच मोडते. अशा कोब्यावर नाण्याने ओरखडले तर पांढरी भुकटी निघते. तो ॲसिडने धुऊन भागत नाही. यंत्राने घासून किंवा छर्रे मारून, खालची खडी-वाळू उघडी पडेपर्यंत पापुद्रा काढावा लागतो. हे काम धुळीचे, आवाजाचे आणि खर्चाचे असते, म्हणून कोटेशनमध्ये पहिली काटछाट इथेच होते. जुन्या जमिनीवर हातोडीच्या दांड्याने ठोकत जावे; जिथे खणखणीत आवाज बदलून बद्द येतो, तिथला थर आधीच सुटलेला असतो. भेगांचेही तसेच. हलणारी भेग इपॉक्सीने बुजत नाही. कोब्यातला सांधा लेपातही सांधा म्हणूनच वर आणावा लागतो, नाहीतर पहिल्या हिवाळ्यात त्याच रेषेवर लेप चिरतो.

यावर एक रास्त हरकत निघते: लडाखमध्ये वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस, तिथे ओल कुठून येणार? येते, आणि वरून येत नाही. जमिनीला टेकलेल्या कोब्याखाली प्लास्टिकचा पडदा घातलेला नसेल तर मातीतली ओल केशाकर्षणाने वर चढते. बर्फ वितळताना किंवा शेजारच्या वाफ्याला पाणी सोडल्यावर तर चढतेच. उघडा कोबा ती हवेत सोडून देतो, म्हणून कोरडा दिसतो. त्यावर हवाबंद लेप बसला की ओल खाली साठते आणि लेपाला फोड येतात. साधी चाचणी अशी: साधारण दीड फूट चौरस पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून निदान १६ तास ठेवायचे. खाली थेंब जमले किंवा कोबा काळवंडला तर काम थांबवायचे. मात्र प्लास्टिक कोरडे निघाले म्हणून निश्चिंत होऊ नये. गार कोब्यातून वाफ इतक्या सावकाश निघते की ती दिसतही नाही, म्हणून कोब्यात भोक पाडून आतली आर्द्रता मोजणे अधिक भरवशाचे.

लेप लावण्याच्या दिवसाबद्दल तर गैरसमजांची रांगच आहे. थंडीत इपॉक्सी नुसती उशिरा वाळते, असे मानतात. मुळात ती वाळत नाही; रेझिन आणि हार्डनर यांची अभिक्रिया होऊन ती घट्ट होते. तापमान १० अंशांनी उतरले की ही अभिक्रिया ढोबळमानाने निम्म्या वेगाने चालते. नेहमीची इपॉक्सी १० अंशांखाली इतकी रेंगाळते की वरून टणक वाटूनही आतून अर्धीकच्ची राहते. आणि मोजायचे ते कोब्याचे तापमान. दुपारी खोलीत १५ अंश असताना रात्रभर गारठलेला कोबा १२ अंशांवर असू शकतो. त्या हवेत आर्द्रता ८० टक्के असेल, जशी मनालीला पावसाळ्यात सहज असते, तर दव साडेअकरा अंशांनाच धरते. म्हणजे कोब्यावर न दिसणारे दव आणि आपला रोलर यांच्यात अर्ध्या अंशाचेच अंतर. कोबा दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश उबदार हवा, हा नियम त्यासाठीच आहे. खोली तापवायला धुराडे नसलेला गॅसचा हीटर लावला तर आणखी घोटाळा होतो. गॅस जळून वाफ आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो, हार्डनरमधले अमाइन त्या दोहोंशी संयोग पावते आणि पृष्ठभागावर मेणचट साय धरते. पुढचा थर त्या सायीवर बसतो, लेपावर बसतच नाही. धूर बाहेर सोडणारी, धुराड्याची बुखारी त्यापेक्षा कितीतरी बरी. साहित्यही उबदार ठेवावे. थंडीत मध रवाळ होतो तसे रेझिनही डब्यात रवाळ, दुधी होते. ते खराब झालेले नसते. गरम पाण्यात डबा ठेवला की पुन्हा पातळ आणि पारदर्शक होते. लवकर घट्ट व्हावे म्हणून हार्डनर जास्त घालणे मात्र सरळसरळ नुकसान आहे. इथे रेझिन आणि हार्डनर ठरलेल्या प्रमाणातच एकमेकांना बांधतात. उरलेला हार्डनर सुटाच राहतो आणि थर मऊ, चिकट होतो.

उन्हाचे प्रकरण वेगळे. दर १,००० मीटर चढलो की अतिनील किरण सुमारे १० टक्क्यांनी वाढतात, आणि ताजा बर्फ त्यातले ८० टक्क्यांपर्यंत परत उधळतो. साधारण ३,५०० मीटरवरच्या लेहमध्ये याचा अर्थ काय हे दक्षिणेच्या मोठ्या खिडकीपुढचा गालिचा उचलला की कळते. खाली मूळ राखाडी रंगाचा नेमका चौकोन दिसतो आणि भोवतीची जमीन मधाळ पिवळी झालेली असते. काच सगळे अतिनील किरण अडवत नाही आणि इपॉक्सीच्या रेणूतल्या बेंझिन-कड्या ते शोषून रंग बदलतात. दाणे रंगीत असले तरी त्यांना धरून ठेवणारे रेझिन पिवळे पडायचे राहत नाही. सुरुवातीला याने ताकद घटत नाही, पण उपाय हवा असेल तर वरचा थर इपॉक्सीचा न देता ॲलिफॅटिक पॉलियुरेथेनचा किंवा पॉलीअस्पार्टिकचा द्यावा. त्यांत या कड्या नसतात.

मग सगळेच थर पॉलीअस्पार्टिकचे का नकोत, तो तर थंडीतही तासा-दोन तासांत घट्ट होतो? त्या घाईतच अडचण आहे. पहिल्या थराला कोब्याच्या छिद्रांत उतरायला वेळ लागतो, आणि तो वेळ इपॉक्सीचा प्रायमर देतो. जिथे ओल आणि तापमानाचे झटके दोन्ही अटळ आहेत, उदाहरणार्थ मोठ्या स्वयंपाकघरात, तिथे सिमेंटयुक्त पॉलियुरेथेनचा विचार करावा. त्याचे प्रसरण काँक्रीटच्या बरेच जवळ जाते.

उघड्या अंगणात किंवा गच्चीच्या पायऱ्यांवर मात्र यातले काहीच घालू नये. कडेने शिरलेले पाणी हवाबंद लेपाखाली अडकून गोठते आणि काँक्रीटचेच पोपडे काढते. तिथे छिद्रांत मुरणारे, वाफ बाहेर सोडणारे सिलेनचे द्रव्य योग्य. दाणेदार जमीन घसरत नाही हेही पाण्यापुरतेच खरे, तेसुद्धा वरचा थर दाणे बुडवण्याइतका जाड नसेल तर. बर्फाचा पातळ थर धरला की खाली दाणे असोत वा नसोत, पाय घसरतोच. आणि देवदाराच्या फळ्यांची उबदार खोली असेल तर ती झाकून इपॉक्सी करण्यात मला काही अर्थ दिसत नाही. या लेपाची जागा गॅरेज, बूट काढायची पडवी, भटारखाना आणि कोठार इथे आहे.

काम नीट झाले की नाही हे सात दिवसांनी तपासता येते. पैशाएवढी धातूची चकती लेपावर चिकटवायची, तिच्या कडेने कोब्यापर्यंत खाच पाडायची आणि छोट्या यंत्राने ती सरळ वर ओढायची. दर चौरस मिलिमीटरला दीड न्यूटन ताण तरी तिने सोसावा, अशी अपेक्षा सर्रास धरतात. पण आकड्याइतकेच लक्ष निघालेल्या चकतीच्या खालच्या बाजूकडे द्यावे. तिथे लेपाची गुळगुळीत पाठ दिसली तर लेप कोब्याला कधी चिकटलाच नव्हता. लेपाला राखाडी भुकटीचा पातळ थर लागून आला तर पापुद्रा काढायचा राहिला होता. आणि खडीच्या तुकड्यांसकट काँक्रीटचा जाड टवका निघून आला असेल, तर त्या जागचा खड्डा बुजवून जमीन वापरायला घ्यावी.